हप्ता भाड्यावर सोडू नका

मंडळी, कोल्हापुरात हातात चार पैसे आले की माणसाच्या मनात आधी जागा येते. उसाचं बिल असो, निवृत्तीची रक्कम असो, "एक फ्लॅट घेऊन टाकू, हप्ता भाड्यातनं जाईल" हे मी घरोघरी ऐकतो. आज याच हिशेबाबद्दल बोलायचं आहे, कारण त्यापायी चांगली कुटुंबं ओढाताणीत जातात.

समजा, फ्लॅट ३५ लाखांचा. बँकेकडून त्याच्या ८० टक्के कर्ज काढलं, म्हणजे २८ लाख. उरलेले सात लाख तुमचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या कर्जात बसत नाही, तेही तुमच्याच खिशातून. नऊ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता साधारण २५,२०० रुपये. त्यातले पहिल्या महिन्यात २१,००० नुसतं व्याज! आणि भाडं? अकरा हजार धरा. दरमहा चौदा हजार तुम्ही घालायचे. वर्षातला एक महिना जागा रिकामी राहणारच. घरफाळा, सोसायटीचा मेंटेनन्स आणि किरकोळ दुरुस्तीला वीस-एकवीस हजार गेले, तर हप्ता न धरताही भाड्यातनं वर्षाकाठी लाखभरच उरतात. ३५ लाखांवर तीन टक्केसुद्धा नाहीत.

म्हणून घेऊच नका, असं मी म्हणत नाही. पण किमान सहा हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय सही करू नका, आणि कर्ज जितकं कमी काढता येईल तितकं काढा. बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर वैयक्तिक कर्जदाराला दंड लागत नाही. बोनस आला, बिल आलं की मुद्दल फेडा. कर वाचतो म्हणून घेणाऱ्यांनी नीट ऐका. भरलेला घरफाळा वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, व्याजही वजा होतं. पण भाड्यापेक्षा व्याज जास्त होऊन घराचा तोटा दिसला, तर नव्या करप्रणालीत तो पगारातून वजा करता येत नाही. जुन्या प्रणालीतही वर्षाला दोन लाखांचीच मर्यादा आहे.

जागा कुठली घ्यावी? राजारामपुरी, सागरमाळ भागात विद्यापीठाची मुलं, उजळाईवाडीकडं गोकुळ शिरगावचे कामगार. भाडेकरू कोण, हे आधी ठरवा. आणि पाणी बघा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत नदी ५५ फुटांच्या वर गेली. शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी या भागांत तळमजला स्वस्त मिळतोय म्हटल्यावर शेजाऱ्याला विचारा, पाणी कुठवर आलं होतं. भिंतीवरची ओळ रंगानं झाकली जाते, शेजाऱ्याची आठवण नाही.

आता करार. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला?" हा गैरसमज कृपा करून सोडा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याच्या करारावर, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवरचं ठरावीक व्याज धरतात. आपल्या उदाहरणात तीनशे-सव्वातीनशे रुपये! एवढ्यासाठी साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून ३५ लाखांची जागा दुसऱ्याच्या हाती द्यायची?

नोंदणी भाडेकरूलाही राखते, हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. गावाकडून शिकायला आलेल्या पोराचं डिपॉझिट म्हणजे त्याच्या आईबापाची बचत असते. ती रक्कम हप्त्यात वापरू नका, वेगळ्या खात्यात ठेवा. जागा ताब्यात देताना नळ, पंखे, दारं, भिंती यांचे फोटो दोघांनी मिळून काढा, विजेच्या मीटरचं रीडिंग करारात लिहा. सोडताना त्याच फोटोंशी ताडून बघा आणि वजावट असेल तर पावती दाखवून करा. उरलेले पैसे किल्ली घेतानाच हातात द्या.