उलवे-पनवेलला फ्लॅट घेऊन ठेवायचा का?

नमस्कार मंडळी! "विमानतळ सुरू झाला, आता नाही घेतलात तर मग विसरा." उलव्यातल्या कुठल्याही साइट ऑफिसात जा, चहाच्या आधी हे वाक्य येतं.

नवी मुंबईचा विमानतळ खराच सुरू झालाय, २५ डिसेंबर २०२५ पासून. मुंबईला जोडणारा अटल सेतूही जानेवारी २०२४ पासून वापरात आहे. पण विमानतळाचं भूमिपूजन झालं फेब्रुवारी २०१८ मध्ये! ही बातमी आजच्या दरात केव्हाच धरली गेलीय. तिचे पैसे तुम्हाला विकणारा घेणार, तुम्ही नाही.

आता हिशेब करू. आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमचे घालून बघा.

(स्क्रीनवर हिशेबाचा तक्ता)

८० लाखांचा तयार फ्लॅट. खिशातले १६ लाख, कर्ज ६४ लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता साधारण ५५,५००. मुद्रांक शुल्क ६ टक्के, वर नोंदणीचे ३० हजार, म्हणजे ५ लाख १० हजार पहिल्याच दिवशी गेले. भाडं १८ हजार, मेंटेनन्स जाऊन हातात १५. बाकीचे ४० हजार दर महिन्याला तुम्ही घालायचे.

दहा वर्षांनी विकला १ कोटी २० लाखांना. दीडपट! पेढे वाटायला निघाल, पण जरा थांबा. बँकेचे अजून जवळपास ४५ लाख बाकी आहेत, कारण भरलेल्या साडेसहासष्ट लाखांतले ४७ लाख नुसत्या व्याजात गेले. नफ्यावर साडेबारा टक्के कर. हातात येतात ७०-७१ लाख. आणि भाडं वजा करून तुम्ही घातलेले? जवळपास ७० लाख. दहा वर्षं बँकेची चाकरी केली, फुकटात.

भाडं वाढेल की! वाढेल. पण भाडेकरू नसलेले महिने, रंगकाम, दलाली हे कोण धरणार? संध्याकाळी आठला त्या सेक्टरमध्ये उभं राहून किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. अंधारातला प्रत्येक फ्लॅट उद्या तुमच्याच भाडेकरूच्या मागे लागणार आहे.

दर दुप्पट झाला, तर याच हिशेबात साधारण ३५ लाख सुटतात. त्यासाठी दहा वर्षं सरासरी सात टक्क्यांच्या वर वाढ हवी. होईलही. पण मग पैज त्या एका आकड्यावर आहे, हे माहीत असू द्या.

माझं मत? राहायला जाणार असाल तर घ्या, हा हिशेब बाजूला ठेवा. गुंतवणूक म्हणून घेत असाल, तर नोकरी गेली तरी वर्षभर हप्ता निघेल एवढी गंगाजळी असेल तरच. आणि टोकन देण्याआधी महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, साइटवर प्रकल्प तपासा, जमीन नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भाडेपट्ट्यावरची असेल तर विकताना हस्तांतर शुल्क किती लागेल तेही विचारा.

किंमत, हप्ता आणि त्या इमारतीत आज मिळणारं भाडं, हे तीन आकडे कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातलेच काही सोडवू.