नव्या संगणकाची घोषणा आणि घरातला जुना लॅपटॉप

नमस्कार श्रोतेहो.

नव्या संगणकाची घोषणा झाली, की कालपर्यंत बरा वाटणारा आपला लॅपटॉप आज अचानक रखडतोय असं वाटू लागतं. नव्या मशीनला काय काय येतं, हे घोषणेत असतं. आपलं मशीन नेमकं कुठं अडतंय, ते मात्र आपल्यालाच शोधावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते एखाद्याच भागापाशी अडलेलं असतं. तो भाग कसा ओळखायचा आणि कसा बदलायचा, ते आज पाहू. कागद-पेन जवळ असू द्या, थोडे आकडे येतील.

आधी घोषणांकडे वळू. २० मे २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टनं 'कोपायलट प्लस पीसी' हा वर्ग जाहीर केला. त्याच्या अटी म्हणजे किमान १६ जीबी रॅम, २५६ जीबी साठवण आणि सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा एनपीयू. एनपीयू म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची गणितं कमी विजेत करणारा प्रोसेसरचा भाग. पत्रं लिहिणं, हिशेब, इंटरनेट, मुलांचे ऑनलाइन तास यांपैकी कशालाही तो लागत नाही. तुमचं काम एवढंच असेल, तर ४० चा तो आकडा बाजूला ठेवा.

घोषणेतली रॅमची ओळ मात्र नीट वाचा. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० व्ही मालिकेत रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली आहे, १६ किंवा ३२ जीबी. इतर अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावर सोल्डर केलेली असते. म्हणजे खरेदीच्या दिवशी घेतली तेवढीच शेवटपर्यंत. बॅटरी जास्त टिकते हे खरं, पण पाच वर्षांनी रॅमची एक पट्टी टाकून मशीन पुन्हा कामाला लावायची वाट त्यात बंद होते, आणि मला हे फार मोठं नुकसान वाटतं.

दुसरी घोषणा घराघरांत पोचली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. मशीन त्या दिवशी बंद पडलं नाही, फक्त सुरक्षेच्या मोफत दुरुस्त्या येणं थांबलं. घरगुती वापरासाठी नोंदणी केली, तर त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सिक्युअर बूट ही सोय आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल किंवा रायझन २००० मालिकेपासूनचा एएमडी प्रोसेसर लागतो. आय५-७२००यू असं लिहिलं असेल तर सातवी पिढी, ८२५०यू असेल तर आठवी.

टीपीएम पाहायला विंडोजचं चिन्ह असलेली कळ आणि आर एकदम दाबा, टीपीएम डॉट एमएससी टाइप करा. चिप सापडत नाही असं उत्तर आलं, तरी लगेच निराश होऊ नका. पुष्कळदा ती बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद केलेली असते. इंटेलवर तिचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. पण बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते बघा. असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. टीपीएमची मांडणी बदलली की मशीन तीच की मागतं, आणि ती नसेल तर डिस्कवरचे फोटो कुठल्याही दुरुस्तीवाल्याला परत काढून देता येत नाहीत.

सातव्या पिढीचं मशीन असेल तर विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली चांगला पर्याय आहे. त्याच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत आधार आहे, ४ जीबी रॅमवर ती चालते आणि इनस्क्रिप्ट या कळफलकानं मराठीही लिहिता येतं. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवरून आधी नुसती चालवून बघा. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. डिजिटल सहीचा डोंगल किंवा ठरावीक हिशेबाचं सॉफ्टवेअर लागत असेल, तर त्याची खात्री झाल्याशिवाय विंडोज पुसू नका.

आता रखडणाऱ्या मशीनकडे येऊ. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर १५-२० टक्के दिसत असेल, तर प्रोसेसर निर्दोष आहे. अडतेय ती हार्ड डिस्क. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एक फेरा पुरा करायला ११ मिलिसेकंद लागतात, त्यात वाचणारा हात जागेवर जायचा वेळ वेगळा. इकडेतिकडे विखुरलेल्या छोट्या फायली ती सेकंदाला शंभरएक वेळाच वाचू शकते. विंडोज सुरू होताना हजारो फायली मागतं. तिच्या जागी बसवायच्या एसएसडीत, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसल्यामुळे हेच काम ती सेकंदाला हजारो वेळा करते. जुन्या लॅपटॉपला दुसऱ्या कशानंही इतका फरक पडत नाही.

जुनी डिस्क काढण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामनं तिची तब्येत बघा. शून्य पाच आणि सी पाच या दोन ओळींमधले रॉ व्हॅल्यूज या रकान्यातले आकडे शून्य हवेत. सी पाच वाढला असेल, तर काही सेक्टर वाचताना डिस्क अडखळतेय. अशा वेळी चेकडिस्क या विंडोजच्या डिस्क-तपासणीची पूर्ण दुरुस्ती चालवू नका. ती अख्खा पृष्ठभाग वाचायला लावते, आणि मरणाला टेकलेली डिस्क त्यातच जाते. आधी कागदपत्रं आणि फोटो दुसरीकडे उतरवा.

जुन्या डिस्कच्याच साटा जोडणीवर बसणारी अडीच इंची एसएसडी ७ मिलिमीटर जाड असते, जुनी डिस्क पुष्कळदा साडेनऊ. मधली फट भरायला प्लास्टिकची चौकट लावा, नाहीतर हिसक्यानं जोड ढिला होतो. क्लोनझिला या प्रोग्रामनं जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करायची, तर नवी डिस्क जुनीपेक्षा लहान चालत नाही. एक टीबीवरून पाचशे जीबीवर जायचं असेल, तर विंडोज नव्यानं टाकणंच बरं. काडीसारखी एसएसडी बसवायची एम.२ खाच दिसली म्हणून एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा वेगळ्या, वेगवान जोडणीची एसएसडी घेऊन येऊ नका. काही खाचा फक्त साटा ओळखतात, आणि मग काड्या सारख्या दिसल्या तरी मशीनला डिस्क सापडत नाही. मॉडेलच्या नावानं कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा, त्यात हे लिहिलेलं असतं.

रॅमचंही तसंच. डीडीआर३ या जुन्या प्रकारच्या रॅमला १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर३एल १.३५ वर चालते, आणि इंटेलच्या चौथ्या पिढीच्या अनेक लॅपटॉपना एल असलेलीच लागते. पट्टी तिरकी घाला आणि दोन्ही कड्या टक् करून बसेपर्यंत खाली दाबा. त्यानंतरच्या डीडीआर४ची खाच वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावू नका, पट्टी चुकीची आहे. २०२५ च्या अखेरीपासून डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅम महागली आहे, तेव्हा भंगारात निघालेल्या लॅपटॉपमधली चांगली पट्टी फेकू नका.

कोकणात, गोव्यात पावसाळ्यानंतर मशीन चालूच होत नाही, डेस्कटॉप नुसते बीप देतो, ही तक्रार नेहमीची. दमट, खाऱ्या हवेत रॅमच्या पट्टीच्या कडेचे सोनेरी संपर्कबिंदू काळवंडतात. पांढऱ्या मऊ खोडरबरानं हलके पुसा, चुरा झटका, परत बसवा. सँडपेपर मुळीच नको, कारण सोन्याचा थर अतिशय पातळ असतो.

पंखा घोंघावतोय आणि तळ चटके देतोय, तर मागचं झाकण उघडा. पहिलं काम बॅटरीची वायर बोर्डावरून काढण्याचं. मग पंखा सोडवा. त्याच्या आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये धुळीची नमद्यासारखी घट्ट गादी बसलेली असते. बाहेरून फुंकर मारून ती निघत नाही, चिमट्यानं उचलावी लागते. हवा मारताना पाती बोटानं धरा, नाहीतर पंखा नको तितका गरगर फिरून बेअरिंग खराब होतं. हीटसिंकचे, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाचे, स्क्रू त्यावर कोरलेल्या क्रमांकांच्या उलट क्रमानं थोडेथोडे सैल करा. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली उष्णता वाहून नेणारी वाळलेली पेस्ट ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि नवी तांदळाच्या दाण्याएवढी लावा. लांबट चिपवर दोन दाणे. आसपासच्या चिपांवर मऊ पॅड असतील, तर त्यांच्या जागी पेस्ट चालत नाही. तिथं फट असते, तेवढ्याच जाडीचा पॅड हवा.

बंद करून चालू केलं की तारीख मागं जाते, आणि वेबसाइट सुरक्षित नाही असं ब्राउझर सांगतो? इंटरनेटवाल्याला फोन करू नका. बोर्डावरचा सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा सेल संपलाय. वर्ष चुकलं की साइटचं प्रमाणपत्र मुदतीबाहेरचं दिसतं. डेस्कटॉपमध्ये तो नखानं निघतो, लॅपटॉपमध्ये वायरसकट आलेला घ्यावा लागतो.

टचपॅड वर उचललेला दिसला किंवा लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नसेल, तर बॅटरी फुगली आहे. चार्जर लगेच काढा. ती टोचायची नाही, दाबायची नाही, लोखंडी स्क्रू ड्रायव्हरनं उचकटायची नाही, कारण आत वायू आहे आणि तो पेट घेऊ शकतो. तळाला चिकटवलेली असेल तर हे काम दुरुस्तीवाल्याकडेच द्या, आणि काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे पोचवा.

रॅम बदलून झाकण लावल्यावर पहिल्यांदा बटण दाबलं, की पडदा काही वेळ काळा राहू शकतो. मशीन नवी पट्टी ओळखून तिची गती ठरवत असतं. एक-दोन मिनिटं थांबा, घाईनं बटण दाबून धरू नका. तरीही काही दिसलं नाही, तर मशीन बंद करून बॅटरीची वायर काढा आणि पट्टी पुन्हा नीट बसवून पाहा. बऱ्याच वेळा ती एका बाजूनं अर्धीच बसलेली असते.

नमस्कार.