रंगावर जाऊ नका

[दृश्य: खिडकीतलं ऊन, लाकडी फळी, चार छोटे ग्लास]

पुण्यातल्या एका टॅपरूममधली दुपार. फळीवर चार बीअर आल्यात, प्रत्येकी जेमतेम 100 मिली. वेटरने त्या रंगाने लावल्यात: गढूळ पिवळी, सोनेरी, तांबूस आणि शेवटी काळी. फोटोला झकास. प्यायला मात्र हा क्रम कामाचा नाही.

काळी म्हणजे कडक, असा आपला एक समज. पण ही ड्राय स्टाउट आहे. तिचा रंग येतो थोड्याशा जवामुळे, कॉफीच्या बियांसारखा काळाभोर होईस्तोवर भाजलेल्या. डब्लिनच्या गिनेस ड्राफ्टमध्ये मद्यार्क फक्त 4.2 टक्के, आपल्याकडच्या 'स्ट्राँग' बाटलीहून कमीच. उलट ती सोनेरी ट्रिपल. दिसायला गरीब, पण बेल्जियमचे ब्रूअर उकळत्या रसात साखर घालतात. यीस्ट ती साखर फस्त करतं, मद्यार्क चढतो आणि बीअर जिभेवर हलकीच राहते. आठ-नऊ टक्के कधी पोटात गेले, कळतही नाही.

[दृश्य: पहिला ग्लास अगदी जवळून, फेस बसतो आहे]

सुरुवात या पिवळीने, गव्हाच्या हेफेवायझनने. फेस बसायच्या आत नाक जवळ न्या. पिकलेलं केळं, मागोमाग लवंग. आत ना केळं घातलंय ना लवंग. दोन्ही वास यीस्टची करणी. इतकं नाजूक काही मागे ठेवलं तर हाती लागायचं नाही.

मग हात सरळ चौथ्या ग्लासकडे. एव्हाना स्टाउटचा गारठा उतरलाय. बर्फगार असताना तिच्या भाजक्या दाण्यांचा वास दबून राहतो. त्यानंतर ट्रिपल.

तांबूस आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल ही कडू बीअर, सगळ्यांत शेवटी. इथे जाणकारांचं एकमत नाही. काही जण मद्यार्काचा चढता क्रम लावतात आणि ट्रिपल शेवटी ठेवतात. मला ते पटत नाही. हॉप्स नावाच्या वेलीची फुलं उकळून उतरलेला कडूपणा एका घोटात संपत नाही, घोटागणिक जिभेवर साचत जातो. कारल्यानंतर दुधीची चव कुणाला लागलीय?

आणि हो, तो मसाला शेंगदाण्यांचा चकणा. कांदा, लिंबू, वर तिखट. आधी त्यावर ताव मारलात, तर ग्लास कसेही लावा, सगळं सारखंच. मधे पाणी प्या, साधा पाव चावा.

[दृश्य: तीन ग्लास रिकामे, पहिल्याच्या तळाशी थोडी बीअर]

हेफेवायझनचा एक घोट मुद्दाम राखून ठेवा. आयपीए संपली की तो घ्या आणि मघाचं केळं शोधा. थोडा दोष बीअर कोमट झाल्याचा, मान्य. पण खात्री करायची तर ताजा ग्लास मागवून बघा. पहिला घोट निव्वळ पाणीच लागेल. केळं येईल, पण पाचेक मिनिटांनी, पावाचा तुकडा पोटात गेल्यावर.