कोरेशाच्या हातून

श्रोतेहो, नमस्कार. देव इतिहासात कार्य करतो, असे ख्रिस्ती माणूस म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काय असते, हे आज एका परक्या राजाच्या निमित्ताने पाहू.

इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमातील अनेक यहुद्यांना कैद करून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, नेण्यात आले. दोन वर्षांत सारे परत येतील, असे हनन्या नावाचा संदेष्टा छातीठोकपणे सांगत होता. यिर्मया या दुसऱ्या संदेष्ट्याने मात्र त्या बंदिवानांना पत्र धाडले, की घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या शहरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, कारण सत्तर वर्षे लागणार आहेत. शत्रूच्या शहरासाठी प्रार्थना! बाबेलमधल्या एकाने तर, या यिर्मयाला खोड्यात का घालत नाही, असे यरुशलेमच्या याजकाला उलट लिहून विचारले. पुढे दहा-अकरा वर्षांत यरुशलेमच जळाले आणि मंदिरही गेले.

इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या कोरेश, म्हणजे सायरस, राजाने बाबेल जिंकले आणि यहुद्यांना परत जाऊन मंदिर बांधण्याची मुभा दिली. बायबलमधील यशयाच्या ग्रंथात देव या परधर्मीय राजाला आपला ‘अभिषिक्त’ म्हणतो, म्हणजे पुढे येशूसाठी रूढ झालेलाच शब्द वापरतो, आणि तू मला ओळखत नव्हतास, असेही त्याला सांगतो. आपल्याकडे सायरस सिलिंडर म्हणून ओळखला जाणारा कोरेशाचा मातीचा लेख २०१३ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आला होता. जेमतेम वीतभर लांबीच्या त्या लेखात विजयाचे श्रेय आहे ते बाबेलच्या मर्दुक देवाला! श्रद्धावंताला यात अडचण वाटत नाही, कारण देवाच्या हातातले साधन होण्यासाठी राजाला त्याची जाणीव असावी लागते, असे पवित्र शास्त्र कुठेच म्हणत नाही. रोमचा सम्राट औगुस्त कैसर याने नावनिशीचा, म्हणजे शिरगणतीचा, हुकूम काढला आणि त्यामुळे येशूचे आईबाप बेथलेहेमला गेले, तिथेच येशू जन्मला; पण हुकूम काढताना बेथलेहेम कैसराच्या ध्यानीमनीही नसणार.

मात्र जो जिंकला तो देवाचा माणूस, असा हिशेब यातून मांडू नये. चर्चने तो अनेकदा मांडला आणि त्याची किंमत बहुधा दुबळ्यांनी मोजली. ज्या बाबेलच्या हातून यरुशलेमला देवाची शिक्षा झाली, त्या बाबेललाही संदेष्ट्यांनी सोडलेले नाही.

परतलेल्यांनी मंदिराचा पाया घातला, तो प्रसंग एज्राच्या पुस्तकात आहे. तरुण हर्षाने गर्जत होते. पहिले मंदिर डोळ्यांनी पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडत होते. आणि आवाज इतका चढला, की त्यातले रडणे कोणते आणि आनंद कोणता, हे लोकांना ओळखता येईना.