भार दिसतो की लपतो? : नृत्यप्रधान म्युझिक व्हिडिओतील कॅमेरा, प्रकाश आणि संकलन

श्रोतेहो,

नृत्यप्रधान म्युझिक व्हिडिओचे विश्लेषण करायला बसले की अनेक अभ्यासक आधी शॉट मोजू लागतात. कट किती, क्लोजअप किती, कॅमेरा किती वेळा फिरला, रंगसंगती निळी की केशरी, अशी यादी तयार होते. पण यादी संपली तरी ते नृत्य आपल्या अंगात का भिनले, किंवा का भिनले नाही, याचे उत्तर हाती लागत नाही. म्हणून आज मी एकच प्रश्न धरून चालणार आहे. नर्तकाच्या शरीराचा भार या क्षणी कोठे आहे, हे प्रेक्षकाला दिसते का? भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणे, तो क्षणभर रोखून धरणे आणि नेमक्या मात्रेवर जमिनीला देणे, यावर नृत्याचा फार मोठा भाग उभा असतो. कॅमेरा, प्रकाश आणि संकलन ही तिन्ही अंगे हा भार दाखवतात किंवा झाकतात, आणि झाकणे हा दर वेळी दोषच असतो असे नाही.

चौकटीपासून सुरुवात करू. १९३० च्या दशकातील हॉलिवूडच्या संगीतपटांत या प्रश्नाची दोन टोके एकाच काळात दिसतात. नर्तक डोक्यापासून पायांपर्यंत चौकटीत राहावा आणि नृत्य शक्य तितक्या कमी कटांत उलगडावे, असा नर्तक-अभिनेते फ्रेड अस्टेअर यांचा आग्रह असे. नृत्यदिग्दर्शक बस्बी बर्कली यांनी मात्र कॅमेरा छतापाशी नेला आणि खालच्या नर्तिकांच्या भौमितिक आकृती केल्या. अशा टॉप शॉटमध्ये गुरुत्वाकर्षणाची दिशा आणि भिंगाचा अक्ष एकच होतात, त्यामुळे कोण कोणत्या पायावर उभे आहे हे कळण्याची सोयच उरत नाही. शरीरे वजनरहित होऊन रांगोळीसारखी पसरतात. आजचा व्हिडिओ या दोन टोकांमध्ये अर्ध्या मिनिटात ये-जा करतो. कडव्यात छातीपर्यंतचा मिड शॉट आणि ध्रुवपदात पूर्णाकृती लाँग शॉट, ही वाटणी बऱ्याचदा दिसते, कारण हूक स्टेप, म्हणजे गाण्याची ओळख बनणारी ठरावीक हालचाल, पाहून लोकांनी ती उचलावी, अशी निर्मात्यांची अपेक्षा असते.

भिंगाची निवडही हेच काम करते. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरचे वाइड भिंग जमिनीलगत, नर्तकाच्या जवळ ठेवले, तर पुढे टाकलेले पाऊल अंगावर आल्यासारखे मोठे होते. तोच शॉट मागे सरकून ८५ मिलिमीटरच्या भिंगाने घेतला, तर समूहातील मागच्यापुढच्या रांगा एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात, हालचालींची थोडीफार चुकलेली जुळणी खपून जाते, पण कॅमेऱ्याकडे टाकलेले पाऊल जवळजवळ वाया जाते.

हलत्या कॅमेऱ्याबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. गॅरेट ब्राउन यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास स्टेडिकॅम, म्हणजे चालतानाही कॅमेरा हादरू न देणारे अंगावर बांधायचे साधन, आणला आणि ट्रॉलीचे रूळ न टाकताही कॅमेरा नर्तकाबरोबर चालू लागला. आता तीच सोय गिंबलमुळे, म्हणजे मोटरांनी कॅमेरा स्थिर धरणाऱ्या हातातल्या साधनामुळे, कोणालाही मिळते. परंतु नर्तक ज्या दिशेने आणि ज्या गतीने जातो, त्याच दिशेने व गतीने कॅमेरा गेला, तर चौकटीतील त्याचे स्थलांतर शून्य होते. ते केवळ मागच्या भिंतीवरून, खांबांवरून, दिव्यांवरून कळते, आणि पार्श्वभूमी कोरी काळी असेल तर तेही कळत नाही. नर्तकाने अख्खा मंच ओलांडला तरी प्रेक्षकाला तो जागच्या जागी पाय हलवताना दिसतो. कॅमेरा उलट दिशेने नेला की तीच चाल दुप्पट वेगवान भासते. गिंबल हाती आला म्हणून कॅमेरा अखंड तरंगत ठेवण्याची जी सवय पडली आहे, ती मला नृत्याच्या मुळावर आलेली वाटते.

प्रकाशाकडे वळू. समोरून येणारा सपाट प्रकाश चेहरा उजळतो, पण शरीराची खोली पुसतो. रंगमंचीय नृत्यासाठी बाजूने, अनेकदा पोटरीच्या उंचीवरूनही, प्रकाश टाकण्याची पद्धत रुजली, आणि त्यात आधुनिक नृत्याच्या नृत्यदिग्दर्शिका मार्था ग्रॅहम यांच्यासाठी प्रकाशयोजना करणाऱ्या जीन रोझेंथाल यांचा वाटा मोठा आहे. बाजूच्या प्रकाशात मांडीचा स्नायू ताणला गेलेला दिसतो, म्हणजेच भार दिसतो. बॅकलाइट, म्हणजे मागून येणारा प्रकाश, आणि हवेत सोडलेला हलका धूर (हेझ) यांनी हातापायांच्या कडा पार्श्वभूमीपासून सुटतात. संपूर्ण छायाकृतीत चेहरा नाहीसा होऊन फक्त हालचाल उरते, आणि तेथे मुख्य कलाकाराऐवजी कुशल नर्तक उभा करता येतो, हे वेगळे सांगायला नको. पावलाखालच्या सावलीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. उडी घेताना पाऊल आणि सावली यांच्यात फट पडते व उतरताना ती मिटते. चारी बाजूंनी मऊ प्रकाश भरला की सावलीच जाते आणि उडीची उंची कळेनाशी होते.

नर्तक स्थिर राहत नाही, ही प्रकाशयोजनेतील खरी अडचण आहे. छोट्या दिव्यापासूनचे अंतर निम्मे झाले की त्याचा प्रकाश चौपट होतो. दिवा २ मीटरवर असताना नर्तक १ मीटर पुढे आला, तर चेहरा जळून जाईल. दिवा १० मीटरवर असेल, तर तेच १ मीटर पुढे आल्याने प्रकाश सुमारे २३ टक्केच वाढतो. म्हणून जेथे नर्तकाला खूप फिरायचे असते, तेथे मोठे, शक्तिमान दिवे दूर ठेवतात. जेथे दिवे जवळ ठेवावे लागतात, तेथे नृत्यदिग्दर्शकाला पावलेच आखडती घ्यावी लागतात.

आता वेग. गाण्याचे प्लेबॅक सेटवर वेगळ्या गतीने वाजवून चित्रीकरणाची गतीही तेवढीच बदलण्याची युक्ती जुनी आहे. सेकंदाला ३० फ्रेम घ्यायच्या आणि २४ च्या गतीने दाखवायच्या असतील, तर गाणे सव्वापट वेगाने वाजवतात. ओठ शब्दांशी जुळतात, ठेका जुळतो, केस आणि वस्त्रे मात्र किंचित तरंगतात. नर्तकाला तालाची गती वाढवता येते. गुरुत्वाकर्षणाला ती सवलत नाही. ४५ सेंटिमीटरची उडी हवेत सुमारे ०.६ सेकंद टिकते. ती ४८ फ्रेमच्या गतीने टिपून २४ ने दाखवली, तर १.२ सेकंद टिकेल आणि शरीर हलके वाटेल. याउलट २२ फ्रेमच्या गतीने टिपले आणि गाणे त्या प्रमाणात संथ वाजवले, तर पडद्यावर शरीर लवकर खाली येते, पाऊल वजनदार आणि धारदार वाटते. शटरचा कोन, म्हणजे प्रत्येक फ्रेमला शटर किती वेळ उघडे राहते याचे माप, नेहमीच्या १८० अंशांवरून ४५ वर आणला, की २४ फ्रेमच्या गतीला प्रत्येक फ्रेमचे प्रकाशन १/४८ वरून १/१९२ सेकंदावर येते. हालचालीतील धूसरपणा जाऊन प्रत्येक झटका तुटक व ठळक उमटतो. झटक्यांच्या शैलीला हे शोभते. लयदार, वाहत्या हालचालींची मात्र यात चाळण होते.

संकलनात कट ठोक्यावर मारावा, असे प्रत्येक नवशिक्याला वाटते. मिनिटाला १२० ठोके असतील, तर २४ फ्रेमच्या व्हिडिओत दर १२ फ्रेमना एक ठोका येतो, आणि प्रत्येक ठोक्यावर कट दिला तर चार-आठ मात्रांतच डोळा थकतो. शिवाय पाऊल जमिनीला टेकते तेही ठोक्यावरच. नेमक्या त्याच क्षणी कट आला तर आघात एका शॉटमध्ये अर्धा राहतो आणि दुसऱ्यात अर्धा पोचतो, म्हणजे धड कोठेच दिसत नाही. जाणता संकलक उडी हवेत असताना कट देतो आणि उतरणे पुढच्या, मोकळ्या शॉटमध्ये पूर्ण दाखवतो. ठोक्यावरच कट हवा असेल, तेव्हाही तो एक-दोन फ्रेम आधी ओढतात, कारण नवी चौकट वाचायला नजरेला क्षण लागतो.

कट हालचालीच्या पोटात दिला तर किती दूर जाता येते, हे प्रयोगशील चित्रपटकर्त्या माया डेरेन यांनी १९४५ सालच्या आपल्या छोट्या नृत्यपटात दाखवले. त्यात नर्तक टॅली बीटी रानात पाय उचलतो आणि तो पाय घरातल्या खोलीत उतरतो. म्युझिक व्हिडिओला ही मुभा आणखी सहज मिळते, कारण प्रत्येक टेक एकाच प्लेबॅकवर घेतलेला असतो. काळाची सलगता गाणे सांभाळते, त्यामुळे वेश, स्थळ, दिवसरात्र काहीही बदलले तरी नृत्य तुटत नाही. तुटते ते दिशेमुळे. डावीकडे निघालेला भार पुढच्या शॉटमध्ये उजवीकडे जाताना दिसला, की वेश तोच असला तरी प्रेक्षक क्षणभर अडखळतो.

शेवटी मोबाइलच्या उभ्या चौकटीविषयी. ९ : १६ या प्रमाणात एकट्या उभ्या माणसाची आकृती डोक्यापासून पायांपर्यंत सहज बसते, म्हणजे अस्टेअर यांचा आग्रह येथे एका अर्थाने आपोआप पुरा होतो. परंतु आडव्या स्थलांतराला जागा राहत नाही. दोन पावले बाजूला टाकली की नर्तक चौकटीबाहेर. त्यामुळे रचना कमरेच्या वर, हातांत आणि खांद्यांत गोळा होतात, आणि पाय दिसत असूनही त्यांना काम उरत नाही. उभ्या चौकटीसाठी रचना करणाऱ्यांनी बाजूला जाण्याऐवजी कॅमेऱ्याकडे येणे आणि मागे हटणे वापरावे, भिंग वाइड ठेवावे, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणावा आणि दिवे दूर न्यावेत. तेवढ्याच अरुंद पट्ट्यात भाराला पुन्हा ये-जा करता येते.