रेड लेकमधला वॉलआय

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तरेला, मैलोन्‌मैल पसरलेल्या दलदलीच्या प्रदेशात, रेड लेक नावाचे जोडसरोवर आहे. मधे घुसलेल्या जमिनीमुळे त्याचे वरचे आणि खालचे असे दोन भाग पडले असून दोहोंचे मिळून क्षेत्रफळ ११०० चौरस किलोमीटरांहून अधिक भरते. विस्ताराच्या मानाने खोली मात्र नगण्य आहे. वरच्या रेड लेकमध्ये होडीचा नांगर बहुतेक ठिकाणी चार-पाच मीटरांतच तळाला टेकतो. हिमयुगाच्या अखेरीस या भागावर अगासीझ नावाचे अवाढव्य हिमसरोवर पसरले होते. ते ओसरल्यावर त्याच्या सपाट तळावर जे पाणी मागे राहिले, त्यातलेच हे एक.

उथळ पाणी वाऱ्याने तळापासून ढवळले जाते, प्राणवायू आणि अन्नद्रव्ये सर्वदूर पोहोचतात आणि मासा झपाट्याने वाढतो. मात्र त्याच उथळपणामुळे माशाला दडायला खोल डोह उरत नाही, आणि जाळे जाऊ शकणार नाही अशी जागा सरोवरात जवळजवळ नसतेच. रेड लेकचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास या दोन गोष्टींनी घडवला आहे.

येथला मानाचा मासा वॉलआय. पाठ हिरवट सोनेरी, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका, आणि डोळा काचेसारखा चकाकणारा. बुबुळामागच्या पडद्याला प्रकाश परावर्तित करणारा थर असल्याने त्याला अंधुक उजेडातही भक्ष्य दिसते. म्हणून स्वच्छ पाण्याच्या सरोवरांत अनुभवी गळवाले पहाट, तिन्हीसांज किंवा वाऱ्याने लाटाळलेले पाणी यांची वाट पाहतात. रेड लेकमध्ये तेवढे थांबावे लागत नाही. भोवतालच्या दलदलीतून झिरपणारे पाणी चहाच्या रंगाचे असते, त्यामुळे भर दुपारीही तळाशी मिणमिणता उजेड असतो आणि वॉलआय दिवसाढवळ्या आमिष घेतो.

मे महिन्याच्या मध्यावर हंगाम उघडतो, तेव्हा होड्यांची दाटी पूर्व किनाऱ्यावरील वास्किश गावाजवळ, टॅमरॅक नदीच्या मुखाशी होते. बर्फ वितळताच नदीत अंडी घालायला गेलेले मासे याच सुमारास सरोवरात परतलेले असतात. शिशाचे लहानसे डोके असलेल्या गळाला बारका मासा टोचून तो थेट तळापर्यंत सोडायचा, वीतभर उचलायचा आणि पुन्हा टेकू द्यायचा, एवढीच ही रीत. वॉलआय जोरात हिसका क्वचितच देतो. बहुधा गळ खाली जात असतानाच दोर किंचित जड लागतो, आणि तो जडपणा बोटाला कळला नाही, तर आमिष गेलेले असते.

पाण्याच्या मालकीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. खालचे सरोवर संपूर्ण आणि वरच्याचा मोठा हिस्सा रेड लेक नेशन या ओजिब्वे (अमेरिकेतील मूळनिवासी) जमातीच्या ताब्यात आहे. वरच्या सरोवराचा पूर्वेकडील सुमारे ४८,००० एकरांचा भाग तेवढा राज्याच्या अखत्यारीत येतो. पहिल्या महायुद्धात अन्नटंचाई भासू लागली, तेव्हा १९१७ साली राज्याने येथे व्यापारी मासेमारी सुरू केली. पुढे १९२९ साली जमातीच्या मच्छीमारांनी आपली सहकारी संस्था स्थापन केली आणि अनेक दशके गिलनेट, म्हणजे माशाला कल्ल्यांशी अडकवणाऱ्या, जाळ्यांनी मासा बाजारात जात राहिला. त्याच्या जोडीला हिशेबात न येणारी चोरटी विक्रीही चालत होती. तिची गिऱ्हाइके जमातीच्या क्षेत्राबाहेरची होती, हे सोयिस्करपणे विसरले जाते. राज्याच्या पाण्यातले हौशी गळवालेही मागे नव्हते. वॉलआयची मादी अंडी घालण्याजोगी व्हायला साधारण चार ते सहा वर्षे लागतात. त्याआधीच ती पकडली जाऊ लागली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत सरोवरातला वॉलआय जवळजवळ संपला. मोकळ्या झालेल्या पाण्यात क्रॅपी नावाचा चपटा मासा बेसुमार वाढला, आणि काही वर्षे लोक त्याच्याच मागे धावले.

१९९७ साली जमातीच्या मच्छीमारांनी आपणहोऊन व्यापारी जाळी बंद केली. राज्याच्या पाण्यात वॉलआयवर बंदी आली ती १९९९ मध्ये, जमात, राज्य आणि संघराज्य शासन यांच्यात करार झाल्यावर. पुनरुज्जीवनाचे श्रेय बहुधा मत्स्यबीज केंद्रांना दिले जाते. माझ्या मते त्याचा पहिला मान, हातचे उत्पन्न सोडून जाळी गुंडाळणाऱ्या या घरांचा आहे.

बीज सोडण्याचे कामही विचारपूर्वक झाले, हे मात्र खरे. १९९९, २००१ आणि २००३ या तीन वर्षांत मिळून दहा कोटींहून अधिक मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यांतून नुकतीच निघालेली पिले, सोडण्यात आले. सोडण्यापूर्वी त्यांना ऑक्सिटेट्रासायक्लीन या प्रतिजैविकाच्या द्रावणात ठेवले जाई. त्याचा अंश माशाच्या कानातल्या इवल्याशा हाडात कायमचा उतरतो आणि अतिनील प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली पिवळ्या कड्यासारखा चमकतो. पुढे पकडलेला मासा बाहेरून सोडलेला की सरोवरातच जन्मलेला, हे त्या कड्यावरून ठरवता आले. मधली वर्षे मुद्दाम रिकामी ठेवली होती, ती सरोवराचा स्वतःचा वंश किती वाढतो ते पाहण्यासाठी.

मे २००६ मध्ये बंदी उठली. राज्याच्या पाण्यात माणशी दिवसाला दोनच मासे ठेवण्याची मुभा होती, आणि जमातीनेही व्यापारी मासेमारी पुन्हा सुरू करताना आधी गळाचाच मार्ग धरला.

आज वरच्या रेड लेकवरील मोठी गर्दी हिवाळ्यात होते. गोठलेल्या पाण्यावर चाकांच्या खोल्या ओढून नेल्या जातात, आत शेगडी पेटते आणि फरशीतल्या भोकातून गळ खाली जातो. हौसेपायी लोक पातळ बर्फावरही उतरतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये बर्फाचा एक मोठा पट्टा किनाऱ्यापासून सुटला आणि शंभराहून अधिक माणसांना सोडवून आणावे लागले.

पूर्वेकडचे पाणीही आपलेच होते आणि १८८९ च्या करारानंतर ते अन्यायाने काढून घेतले गेले, ही जमातीची भूमिका आजही कायम आहे. तरीही दर शरद ऋतूत दोन्ही बाजूंचे जीवशास्त्रज्ञ सर्वेक्षणाची जाळी टाकतात, माशांचे वय आणि माद्यांची संख्या तपासतात, आणि एकरी किती वजनाचा मासा काढता येईल, ते एकाच तक्त्यावरून ठरते. राज्याच्या बाजूला दिवसाची मर्यादा त्यानुसार वर-खाली होत राहते, आणि ती कमी झाल्याची बातमी आली की वास्किशच्या आसपासचे विश्रामगृहवाले पुढच्या हिवाळ्यातल्या खोल्यांचे गणित नव्याने मांडू लागतात.