मिशीच्या मुळाशी

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय जेवणाबद्दल, पण सुरुवात एका आवाजापासून करते. उष्ण कटिबंधातल्या समुद्रातली जिवंत शेवंड, म्हणजे आपण ज्याला लॉबस्टर म्हणतो ती, पाण्यातून उचलली की करकरते. बिजागरीला तेल नसलेलं दार उघडावं, तसा आवाज. सुट्टीत एका सकाळी होडी वाळूला लागली, टोपलीत हात घालून कोळ्याने एक शेवंड पाठीला धरून वर काढली, आणि मी दोन पावलं मागे सरले.

हा आवाज तोंडातून येत नाही, मिश्यांच्या मुळातून येतो. डोळ्याखाली एक पट्टी असते, तिच्यावरून मिशीच्या बुडाचा मऊ भाग अडकत-सरकत जातो. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो, अगदी तसाच. शीला पाटेक या संशोधिकेनं २००१ मध्ये हे सगळं उलगडून दाखवलं. कात टाकल्यावर शेवंडीचं कवच मऊ असतं, काटे कामाचे नसतात, तेव्हाही हा आवाज काढता येतो. शत्रू दचकला की तेवढ्यात निसटायचं.

या मिश्या लक्षात ठेवा, शेवटी त्यांच्याकडे परत यायचंय.

पुष्कळांचा एक घोटाळा होतो. चित्रांतला लॉबस्टर दोन थोराड नांग्यांचा असतो. तो थंड पाण्यातला, उत्तर अटलांटिकचा, कॅनडा आणि अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यांवरचा. उबदार समुद्रातल्या काटेरी शेवंडीला तसल्या नांग्या नसतातच. ताटात नांग्या दिसल्या नाहीत म्हणून फसवणूक झाली असं समजू नका. हिचं मांस शेपटीत असतं, घट्ट, दाणेदार आणि गोडसर. स्पॅनिशमध्ये शेवंडीला ‘लांगोस्ता’ म्हणतात आणि टोळालाही ‘लांगोस्ता’च. तिचे लांब पाय आणि मिश्या एकदा जवळून पाहिल्या की या नावाचं नवल वाटत नाही.

आता तुम्ही सुट्टीची तिकिटं काढणार असाल, तर माझं एक ऐका. विमानाच्या वेळेआधी शेवंडीचा हंगाम बघा. बहामामध्ये १ एप्रिल ते ३१ जुलै शेवंड धरायला बंदी असते. बेलिझमध्ये १ मार्च ते ३० जून. बंदी उठली की तिथल्या किनारी गावांत शेवंडीचे उत्सव भरतात, रस्त्यावर निखारे पेटतात. हे महिने अंड्यांसाठी सोडलेले असतात. मादी शेपटीखाली लाखांच्या घरात अंडी चिकटवून फिरते, नारिंगी मण्यांच्या घोसासारखी. त्यातून निघणारी पिल्लं पानासारखी चपटी आणि पारदर्शक असतात, आणि ती कित्येक महिने खुल्या समुद्रात वाहत राहतात. बंदीच्या काळात कुणी ‘ताजी आहे’ म्हणून वाढली, तर ती एक तर बर्फातली असते, नाही तर चोरीची. दोन्ही मला नको.

हंगामात गेलात तर शिजवण्याआधी ती बघायला मागा. उचलल्यावर शेपटी फटकन पोटाशी घेते ती जिवंत. मेल्यावर तिचे स्वतःचेच पाचकरस मांसात उतरतात, जंतूही भराभर वाढतात आणि घट्ट मांस पिठूळ होतं. म्हणून तिला शेवटपर्यंत जिवंत ठेवतात. पण जिवंत ठेवणं वेगळं आणि जिवंत उकळत्या पाण्यात टाकणं वेगळं. स्वित्झर्लंडने २०१८ पासून आधी बेशुद्ध न करता उकळण्यावर बंदी घातली, ते मला मनापासून पटतं. चांगला आचारी ती आधी बर्फात गार करून सुस्त करतो, मग डोक्यापासून सुरीचा एकच नेमका घाव घालून उभी चिरतो.

आणि मग निखारे. याच्यापुढे मला कुठलाही सॉस नको. दोन फाका कवचासकट जाळीवर, आधी मांसाची बाजू खाली, अगदी थोडा वेळ. मग उलटायचं, म्हणजे कवचाचीच कढई होते. त्यात लोणी, ठेचलेला लसूण, लिंबू. काचेसारखं दिसणारं मांस कडेकडून दुधासारखं पांढरं होत आत सरकतं. तपकिरी-हिरवं कवच लाल होतं, कारण तो लाल रंग मुळात तिथेच असतो. प्रथिनाने धरून ठेवलेला असतो, उष्णतेने ती पकड सुटते. मध्यभागी पांढरं झालं की त्याच क्षणी उतरवायचं. दोन मिनिटं जास्त झाली की रबर. एका मोठ्या हॉटेलात मला असलंच रबर वर चीजचा थर घालून वाढलं होतं. त्या जिवाचं वाईट वाटलं.

क्युबात ती टोमॅटो आणि ढोबळी मिरचीच्या रश्शात शिजते, जमैकात करीमध्ये. रस्सा असेल तर मांस शेवटी टाकलंय ना, एवढंच बघायचं.

अजून एक प्रश्न विचारत जा: कशी पकडली? मेक्सिकोतल्या पुंता आयेनचे कोळी समुद्राच्या तळाशी बुटके आडोसे मांडतात. शेवंडी आपण होऊन त्यांच्याखाली राहायला येतात. कोळी हवेच्या टाकीशिवाय, एका दमात बुडी मारून हातजाळ्याने त्या धरतात, लहान असतील त्या जिवंत सोडून देतात. होंडुरासच्या मिस्किटो किनाऱ्यावरची गोष्ट मात्र अंगावर येते. तिथे टाक्या लावून दिवसभर खोल पाण्यात वारंवार उतरवलेले पाणबुडे भराभर वर आले, रक्तात नायट्रोजन वायूचे बुडबुडे झाले आणि किती तरी जण कमरेखाली लुळे पडले. आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने २०२१ मध्ये यासाठी होंडुरास सरकारला जबाबदार धरलं. ताटातल्या घासामागे कुणाचे पाय गेले नाहीत ना, हे विचारायला संकोच कसला?

कवचाच्या जिवांची ॲलर्जी असेल, तर मात्र हे सगळं नुसतं ऐका.

शेपटी संपली की लोक ताट सरकवतात. तुम्ही सरकवू नका. डोक्याचा भाग जवळ ओढा, मिशी बुडाशी धरून पिळा. कट्कन सुटेल. त्या काटेरी नळीच्या मुळाशी, पेराएवढा एक तुकडा असतो, सगळ्यात गोड. काडीने टोचून काढा किंवा सरळ ओठ लावून ओढा. सकाळी टोपलीतून करकर ऐकू आली होती, ती मिशी हलवणारा स्नायू हाच.